पाठीमागचा हात

मी एक आरसा आहे, पण माझ्यासमोर कुणी भांग पाडत नाही. लग्नाला निघताना कुणी माझ्याकडे वळून बघत नाही. मी एका टेबलावर मधोमध उभा असतो, दोन वाटे करायला ठेवलेल्या फळीसारखा. माझ्यासमोर माणसाचा धड हात असतो. माझ्या पाठीमागे असतो तो तुटलेला.

सांगायला गेलं तर काम सोपं आहे. ज्याचा एक हात गेला, त्याने उरलेला हात माझ्यापुढे ठेवायचा, थोटा हात माझ्याआड लपवायचा आणि माझ्यात बघायचं. माझ्यातलं प्रतिबिंब नेमकं गेलेल्या हाताच्या जागी पडतं. डोळ्यांना वाटतं, हात परत आला. गेलेले हात दुखतात, हे तुम्हाला ठाऊक नसेल. नसलेल्या तळव्यात नसलेली नखं रुततात. माणूस समोरची मूठ उघडतो, माझ्यातली मूठ उघडते आणि पुष्कळदा ती दुखरी, नसलेली मूठही सैल पडते. मी काही करत नाही. मी फक्त दाखवतो.

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला. आमची मोठी काच एका हॉटेलच्या नाचघराला गेली. उरलेला तुकडा म्हणजे मी. काच कापणाऱ्याने मला भिंतीला टेकवून ठेवलं. जेवण झालं की तो माझ्यात बघून दात कोरायचा. एक दिवस चष्मेवाला एक डॉक्टर आला. "साधा आरसा द्या. वाकडं दाखवणारा नको," तो म्हणाला. काचवाला हसला. "साहेब, आरसे सरळच असतात. वाकडी येतात ती गिऱ्हाइकं."

असा मी इस्पितळाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर आलो. तिथे संशोधन चालायचं. एकाच बोळात सगळ्या खात्यांची माणसं. एका खोलीत हृदयाचे रोगी नव्या गोळ्या घेत. त्यांतल्या निम्म्या गोळ्यांमध्ये औषधच नसे आणि कुणाची कुठली, हे देणाऱ्यालाही माहीत नसे. शेजारच्या खोलीत झोप न येणारे लोक डोक्याला तारा लावून पडलेले. मलाही आधी इकडून तिकडे फिरवलं. मेंदूच्या खात्यात लकवा झालेल्या म्हाताऱ्यांनी माझ्यात बघून बोटं हलवली. मनोविकाराच्या खात्यात मंद दिव्यात माणसांना माझ्यापुढे बसवायचे आणि स्वतःचा चेहरा बघत राहायला सांगायचे. थोड्या वेळाने चेहरा बदलतो म्हणे. एक बँकेतला कारकून अगदी हळू आवाजात म्हणाला, "हा मी नव्हे. ह्याला आधी उठवा, मग मी उठतो." त्यानंतर मला वेदना विभागात कायमचं ठेवलं.

इथेही निम्म्या रुग्णांसाठी माझ्यावर कापड टाकायचे. त्यांनी हात आहे अशी नुसती कल्पना करायची. तुलना करायला असं लागतं. कापडाखाली मला समोरचं काही दिसत नसे. पाठीमागचं तर मला कधीच दिसत नाही. पण जाणवतं. थोट्या हाताच्या पुढची ती रिकामी जागा माझ्या पाठीला चिकटून असते आणि ती नेहमी थंड असते.

एकाच माणसाच्या वेळी ती ऊबदार होती.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. वय तिशीच्या आसपास, बोलणं तुटक, डावा हात कोपराच्या खाली नाही. सोबत त्याची वहिनी. आमची फिजिओथेरपिस्ट, जिला सगळे रुग्ण ताई म्हणत, तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "धाप का लागलीय? लिफ्ट बंद आहे का?"

"चालू आहे. आम्ही जिन्याने आलो," वहिनी म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोघं भाऊ एकाच कामावर. थोरला खाली लिफ्टच्या खड्ड्याच्या तोंडाशी घसरला. धाकट्याने दारातून वाकून त्याचं मनगट धरलं, त्यानेही ह्याचं धरलं. तेवढ्यात वर अडकलेली केबिन सुटली आणि खाली आली. थोरला गेला. धाकट्याचा हात गेला. हे सांगताना वहिनी खाली बघत होती आणि तो माझ्याकडे.

"आज किती दुखतंय? शून्य ते दहा," ताईने विचारलं.

"आठ."

"मूठ आवळल्यासारखं?"

"हो. आवळलेलीच आहे."

ताईने समजावलं. उजवी मूठ माझ्यापुढे धरा, बघत राहा, सावकाश उघडा. त्याने मूठ धरली, बघितलं. उघडली नाही. ताई म्हणाली, घाई नाही. पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. एवढा धडधाकट उजवा हात, त्याला काही झालेलं नाही, पण माझ्यासमोर आला की त्याची बोटं दगडाची व्हायची. कपाळावरून घाम गळायचा. आणि माझ्या पाठीला ऊब लागायची, कुणी अंगाला खेटून उभं राहावं तशी.

एकदा ताई फोन घ्यायला बाहेर गेली. बाहेरच्या बाकावरून वहिनी आत आली ती चिडूनच. "भाऊजी, का असं करता? रात्रभर कण्हता, पोरगी घाबरते. जरा ती म्हणते तसं करून तर बघा."

तो म्हणाला, "वहिनी, मी दादाला सोडलं नाही. हात तुटला, पण मी सोडलं नाही."

"मला माहितीय ते."

"तसं नाही. अजून सोडलं नाहीय. त्याचं मनगट आहे माझ्या हातात. नाडी लागते."

वहिनीचा चेहरा मला माझ्या कडेला दिसत होता. मला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर त्याला वेड्यात काढेल. तिने खुर्ची पुढे ओढली.

"आत्ता लागतेय?"

"हो."

"जोरात की हळू?"

"हळू. झोपलेल्या माणसासारखी."

त्या दिवसापासून ती बाहेरच्या बाकावर बसेनाशी झाली. ताई कामात असली की ती माझ्याजवळ यायची आणि खालच्या आवाजात विचारायची, "आज कसे आहेत?" तो सांगायचा. बरा आहे. आज जरा वेगात आहे. मग ती घरच्या गोष्टी सांगू लागली, त्याला नव्हे, माझ्या पाठीमागे. पोरीचा दात पडलाय म्हणावं. तुमचा निळा सदरा मी भाऊजींना दिलाय, रागावू नका. नळ दुरुस्त झाला एकदाचा, तुमच्याच्याने नाही झाला तो. एकदा ती हसलीसुद्धा. असं माणसांनी भरलेलं एक घर माझ्या पाठीशी थाटलं गेलं आणि मला तिकडे वळता येईना.

पण त्याची किंमत तो मोजत होता. आठाचे नऊ झाले, नवाचे दहा. गालफडं बसली, डोळे खोल गेले. झोपेच्या खोलीतल्या लोकांपेक्षाही ह्याची झोप उडालेली. मोठे डॉक्टर येऊन बघून गेले. "असंच चाललं तर तुम्हाला ह्या अभ्यासातून काढावं लागेल. मग मज्जातंतूची शस्त्रक्रिया. तिचीही खात्री नाही," ते म्हणाले. डॉक्टर गेल्यावर ताई पाणी आणायला गेली. तेवढ्यात त्याने थोटा हात टेबलाच्या कडेवर आपटला. पुन्हा आपटला. मी हादरलो. वहिनीने धावत येऊन तो हात दोन्ही हातांनी उराशी धरला.

"वजन लागतं वहिनी," तो हुंदके देत म्हणाला. "अख्खा माणूस आहे तो. आता धरवत नाही. पण मी सोडला तर तो पुन्हा पडेल. दोनदा कसा पाडू?"

त्या दिवशी ती त्याला घेऊन निमूट गेली.

पुढच्या खेपेला ती वेगळीच दिसत होती. केस घट्ट बांधलेले, बाह्या दुमडलेल्या, जड सामान उचलायला आलेल्या बाईसारखी. ताईला म्हणाली, "आज मी शेजारी बसले तर चालेल ना? भाऊजींना धीर येतो." ताईला आनंदच झाला. वहिनी माझ्या मागच्या बाजूला गेली. तिने आपला उजवा हात टेबलावर ठेवला, तळवा वर करून. हे मी पाहिलं नाही. तिच्या मनगटाचा काठ माझ्या पाठीला लागला, त्यावरून कळलं.

"इथे का?" तिने विचारलं.

"थोडं पुढे. हां. तिथे."

ताईला वाटलं, ती थोट्या हाताला आधार देतेय.

"वहिनी, मला नाही सोडता येणार," तो कुजबुजला.

"सोडा कोण म्हणतंय?" ती म्हणाली. "माझ्याकडे द्या."

त्याने मान वर केली आणि माझ्यावरून पलीकडे तिच्याकडे बघितलं. मग तो माझ्यात बघू लागला आणि त्याची उजवी मूठ उघडायला लागली. आधी करंगळी, शेवटी अंगठा.

आता जे सांगतो, त्यावर विश्वास ठेवा की ठेवू नका. मी समोर असेल तेवढंच दाखवतो, त्याहून जास्त मला येत नाही. पण त्या दिवशी त्याच्या उजव्या मनगटावर काही नव्हतं आणि माझ्यातल्या मनगटावर चार बोटांचे पांढरे वळ होते, घट्ट धरून नुकतेच सोडल्यासारखे. माझ्या डोळ्यांदेखत ते वळ लाल झाले आणि विरून गेले. त्याच वेळी माझ्या पाठीवरून काहीतरी सरकलं. जड आणि ऊबदार. टेबलाचा पाय करकरला. वहिनीने एकदाच, अगदी हळू, श्वास घेतला.

"किती?" ताईने विचारलं.

तो रडत होता. "शून्य," म्हणाला. "काहीच नाही. हातच नाही."

ताईच्याही डोळ्यांत पाणी आलं. तिने डॉक्टरांना बोलावलं, डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली, सगळे एकदम बोलायला लागले. वहिनीकडे कुणी बघितलं नाही. मी बघितलं. ती माझ्यासमोरून दाराकडे गेली. तिने पिशवी डाव्या हाताने उचलली, दारही डाव्या हाताने उघडलं. माझ्यात डावं-उजवं उलटं दिसतं, म्हणून मी पुन्हा नीट पाहिलं. तिची उजवी मूठ मिटलेली होती आणि तो खांदा किंचित खाली ओढला गेला होता, भरलेली बादली नेताना ओढला जातो तसा.

तो नंतर तपासणीसाठी आला तेव्हा ओळखू येईना. गाल भरले होते, कामावरही जायला लागला होता, आता लिफ्टच्या नाही, पंप दुरुस्तीच्या. ताईने सहज विचारलं, "वहिनी कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. उजवी मूठ उघडत नाही त्यांची." तो जमिनीकडे बघत होता. "हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढले, मेंदूवाल्यांनी तपासलं. ते म्हणतात, हातात काही दोष नाही. मनाचं असेल."

"मग इकडे आणा की!" ताई म्हणाली. "आरसा आहे ना आपला."

ती आली. ह्या वेळी माझ्यासमोर बसली. डावा हात पुढे, उजवा माझ्याआड. माझ्यासमोर तिने डावा तळवा अलगद उघडला, मीही माझ्यातला उघडून दाखवला. ताई म्हणाली, "बघा, उजवा हात उघडतोय तुमचा. सैल सोडा."

वहिनी हाताकडे बघतच नव्हती. ती सरळ माझ्या आत बघत होती, खिडकीतून रस्त्याकडे बघावं तशी.

"किती दुखतं?" ताईने विचारलं.

"दुखत नाही."

"म्हणजे शून्य?"

"शून्य," वहिनी म्हणाली. "मग बरं काय करणार तुम्ही?"

ताईने कागदावर शून्य लिहिलं. वहिनीची मिटलेली मूठ माझ्या पाठीला टेकून होती. इतक्या जवळ, की मला ठोके लागले. दोन होते. एक तिचा. दुसरा जरा संथ, झोपलेल्या माणसासारखा.

ती उठली, ताईला नमस्काराऐवजी मान लववून म्हणाली, "येते मी. पोरीची शाळा सुटेल." त्यानंतर ती आली नाही.

आमचा अभ्यास पूर्ण झाला. निकाल चांगला आला म्हणे, लांबलांबचे डॉक्टर मला बघायला येऊन गेले. लिफ्टवाल्याचं नाव बरं झालेल्यांत आहे, आणि ते खरंच आहे. वहिनी कशातच नाही, ती आमची रुग्ण नव्हती. मी आता एका कोपऱ्याला थोडा चिरलोय. पुढच्या आठवड्यात मला खालच्या मजल्यावर नेणार आहेत, चेहऱ्याचा लकवा झालेल्यांसाठी. तिथे भिंतीवर टांगतील. माझ्या पाठीमागे मग नुसती भिंत असेल. तेही बरंच.

तुमच्याकडे एकच मागणं. रस्त्यात, दुकानात कुठे एखादी बाई दिसली, सगळी कामं डाव्या हाताने करणारी, उजवी मूठ मिटलेली, तर तिला काय झालं म्हणून विचारू नका. मदतीला म्हणून तो हात तर मुळीच धरू नका. पुढे जायचं असेल तर तिच्या डाव्या बाजूने जा. उजवीकडे तिला जागा लागते.