पुढे बावीस, मागे पंचवीस

महाडच्या एका हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या सरोजबाईंना नक्कल पकडण्याची वीस वर्षांची सवय होती. त्यामुळे गावातले औषध दुकानदार आमोदराव आपली नक्कल करतात हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. बाईंनी डोंगरात चालवायची सायकल घेतली, महिन्याभरात आमोदरावांनी तीच घेतली. बाईंनी सीट बदलली, त्यांनीही बदलली. गेल्या वर्षी बाईंनी दोन महिने डोकं लावून मागचे गिअर निवडले आणि पोलादपूरच्या शर्यतीत आमोदराव तेच गिअर लावून त्यांच्या पुढे निघून गेले. वर चहाच्या टपरीवर हसत म्हणाले, "बाई, तुमचा अभ्यास म्हणजे आमचं गाईड."

बाई त्या दिवशी हसल्या. घरी आल्यावर मात्र त्यांनी नवऱ्याला, विनीतला, हे वाक्य चार वेळा ऐकवलं.

यंदाची शर्यत फेब्रुवारीत होती. पोलादपूरहून कापड्यापर्यंत डांबर, तिथून डोंगरावरच्या वाडीपर्यंत मातीची चढण, मग दगडगोट्यांच्या पायवाटेने खाली कापड्याला आणि पुन्हा डांबराने परत. अशा रस्त्याला टायर कुठला लावायचा हाच खरा पेच. बाईंनी तो डिसेंबरातच हातात घेतला. सायकलवाल्या मुरारीकडून तीन जोड्या आणल्या, एकेक टायर किराणा दुकानाच्या काट्यावर तोलला, आणि दर रविवारी एक जोडी चढवून पाचाडच्या बाजूला जाऊन आल्या.

पहिली जोडी जाड, बोटाच्या पेराएवढ्या गुट्ट्यांची, म्हणजे रबरी उंचवट्यांची. कसल्याही उतारावर जमीन सोडत नव्हती, पण चढावर गमबूट घालून पळाल्यासारखं व्हायचं. दुसरी जोडी इतकी हलकी आणि गुळगुळीत की डांबरावर सायकल आपणहून पळते असं वाटे. ती मोकळ्या मुरमावर पहिल्याच वळणाला पुढून सरकली आणि बाई करवंदाच्या जाळीत जाऊन बसल्या. तिसरी जोडी मधली. तिच्याबद्दल चांगलं किंवा वाईट काहीच बोलण्यासारखं नव्हतं.

जाळीतले काटे काढताना बाईंना सुचलं. घसरलं ते पुढचं चाक होतं. मागचं सरकलं तर माणूस सावरतो, पुढचं सरकलं तर आडवा होतो. म्हणजे पकड पुढे हवी, आणि बहुतेक भार मागच्या चाकावर असल्यामुळे वेग मागे हवा. त्यांनी मुरारीला पुढे पहिल्या जोडीतला जाड टायर आणि मागे दुसऱ्या जोडीतला हलका टायर लावायला सांगितला.

मुरारी म्हणाला, "दोन चाकांना दोन जातीचे टायर? लोक म्हणतील, मुरारीनं उरलासुरला माल बाईंच्या गळ्यात मारला."

पण त्याने लावले. आणि मुरारीच्या पोटात काही राहत नसल्यामुळे आठवड्याभरात आमोदरावांच्या सायकलला तेच दोन टायर आले, त्याच क्रमाने.

बाईंनी ते शनिवारी बाजारात पाहिलं. आधी त्यांचा जीव जळला. मग चवदार तळ्यापाशी पोचेपर्यंत त्यांच्या मनात एक विचार आला आणि त्या रस्त्यातच गालात हसल्या. त्या तशाच मुरारीकडे गेल्या, टायरमधली हवा मोजून घेतली आणि त्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात पेनाने ठळक लिहिलं: शर्यतीसाठी हवा, पुढे २२, मागे २५. मुरारीला बजावलं की हा आकडा कुणाला सांगू नकोस. एवढं पुरेसं होतं.

यात खोटं काही नव्हतं. बाईंच्या टायरला तेवढीच हवा बरोबर होती. फक्त बाईंचं वजन चोपन्न किलो होतं, आणि आमोदरावांचं किती होतं ते त्यांच्या शर्टाच्या बटणांवरून कळत होतं. शेजाऱ्याचं उत्तर उतरवणाऱ्याने निदान दोघांचा पेपर एकच आहे का हे बघावं, असं बाई मनात म्हणाल्या.

शर्यतीच्या सकाळी चाळीसेक जण जमले होते. आमोदरावांनी बाईंना नमस्कार केला आणि आनंदाने सांगितलं की यंदा त्यांनी वजनावर फार काम केलंय. बाटली एकच, ती पण अर्धी, सायकलची घंटा काढली, आणि पंपसुद्धा घरी ठेवला, तेवढेच शंभर-सव्वाशे ग्रॅम वाचले. बाईंनी त्यांच्या टायरकडे पाहिलं. आमोदराव बसले तसे दोन्ही टायर खाली बसले. काहीतरी बोलावं असं बाईंना क्षणभर वाटलं. पण तेवढ्यात शिट्टी झाली.

चढणीला आमोदराव मागे पडले, कारण मऊ टायर ओढत नेताना त्यांची दमछाक होत होती. वाडीपासून उतार लागला आणि बाईंना आपल्या तीन महिन्यांच्या खटपटीचं फळ मिळालं. वाळक्या पाल्याच्या थरावर, सुट्या गोट्यांवर, कातळाच्या धारेवर पुढचं चाक घोरपडीसारखं चिकटून उतरत होतं. तेवढ्यात शेजारून वाऱ्यासारखं कुणीतरी गेलं. ते आमोदराव होते. उतारावर त्यांचं वजनच त्यांना पळवत होतं, आणि आपला डाव उलटला की काय अशी बाईंना धास्ती वाटली.

पण कापड्याच्या वरच्या अंगाला, वालाच्या शेताशी आल्यावर आमोदराव त्यांना बांधावर बसलेले दिसले. सायकल उलटी, मागचं चाक हातात. दगड टायरवर न थांबता थेट चाकाच्या कडेपर्यंत पोचला होता आणि मधल्या मध्ये ट्यूबला दोन शेजारी-शेजारी भोकं पडली होती. नवी ट्यूब त्यांनी चढवली होती. पंप घरी होता. शेतात वालाच्या शेंगा तोडणाऱ्या ठमाबाई कमरेवर हात ठेवून हा सगळा प्रकार बघत होत्या.

बाईंनी ठरवलं होतं की हात हलवायचा आणि पुढे जायचं. त्यांनी हात हलवलाही. आमोदरावांनी पंप मागितला असता तर त्या कदाचित गेल्याही असत्या. पण त्यांनी तो मागितला नाही. त्यांनी घामेजलेला चेहरा वर करून विचारलं, "बाई, सगळं तुमच्यासारखंच केलं होतं. माझं चुकलं कुठं?"

वीस वर्षांत हा प्रश्न कानावर पडला आणि बाई पुढे निघून गेल्या, असं एकदाही झालं नव्हतं. त्यांचे हात आपोआप ब्रेकवर गेले.

"वजन किती तुमचं?" त्यांनी विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर."

बाई नुसत्या बघत राहिल्या.

"शहाऐंशी," आमोदराव म्हणाले.

मग बाईंनी बांधावर उभं राहून पूर्ण तास घेतला. वजन वाढलं की हवा वाढवावी लागते, नाहीतर टायर चेपतो. पुढे थोडी कमी, मागे थोडी जास्त. मातीत हवा कमी असली की टायर पसरतो आणि पकड मिळते, डांबरावर तेच उलटं, तिथे टायर कडक असला की चाक पळतं. हे शेवटचं वाक्य बोलता बोलता बाईंच्या लक्षात आलं की इथून पोलादपूरपर्यंत डांबरच आहे. पण निम्म्यावर सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, त्यांनी उदाहरणासकट संपवलं. तोवर शेजारून सहा जण गेले.

ठमाबाई म्हणाल्या, "बाय, तुजी शर्यत हाय ना गो? का याची शिकवनी हाय?"

बाईंनी हवा मोजायचा काटा असलेला आपला पंप काढून आमोदरावांच्या हातात दिला. आमोदरावांनी ऐकलेलं सगळं मनावर घेतलं. मागे चाळीस, पुढे छत्तीस हवा भरली, पंप अदबीने परत केला आणि म्हणाले, "बाई, कॅलेंडरवरचा आकडा तुम्ही मुद्दाम लिहिला होता ना?"

"मी माझ्यासाठी लिहिला होता," बाई म्हणाल्या. "तुम्ही कशाला वाचलात?"

आमोदरावांनी चाक जागेवर बसवलं. ते सायकलवर बसले. पुढचे काही किलोमीटर दोघं चाकाला चाक लावून होते. पोलादपूर दिसू लागल्यावर आमोदरावांनी मान खाली घातली आणि त्यांचे दगडासारखे टायर डांबरावर गुणगुणत निघून गेले. शर्यत बँकेतल्या एका मुलीने कधीच जिंकली होती. आमोदराव अकरावे आले, बाई बाराव्या.

संध्याकाळी आमोदरावांनी सायकलवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं की टायर, गिअर आणि सीट या तिन्हींची निवड सरोजबाईंची होती, आपण फक्त उतरवून काढलं. बाईंनी तो मेसेज विनीतला दाखवला. आणि पाच मिनिटांनी, वाचला का नीट, म्हणून परत दाखवला.

पुढच्या आठवड्यात आमोदराव मुरारीकडून स्वतःच टायरच्या चार जोड्या घेऊन गेले. एकेक चढवून डोंगरात जायचे, खरचटून यायचे, वहीत काहीतरी लिहायचे. पंधरा दिवसांनी त्यांनी एक जोडी कायमची ठेवली आणि बाकीच्या परत केल्या. कुठली ठेवली ते कुणाला सांगितलं नाही.

त्या शनिवारी सरोजबाई बाजारातून येताना मुरारीच्या दुकानाशी उगाच थांबल्या. घंटी बघितली, तेलाची बाटली बघितली, किंमत विचारली. मग पिशवी या हातातून त्या हातात घेत, इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "मुरारी, आमोदरावांनी पुढे कुठला ठेवला रे?"