चौथ्या घरातली झडप

भिंतींना कान असतात म्हणतात. झडपरावांना त्यांना नाकही द्यायचं होतं. त्यांचं खरं नाव ऑफिसात कुणी घेत नसे. इमारतींच्या दर्शनी भिंतींवर हवामानाप्रमाणे आपोआप उघडमीट करणाऱ्या झडपा बसवायच्या, हे त्यांचं काम. नवी झडप तर मोटरशिवाय चालणारी होती. लाकडाचे दोन पातळ थर, एकाचे तंतू उभे, दुसऱ्याचे आडवे. घरात माणसांच्या श्वासाची, आंघोळीची, स्वयंपाकाची वाफ साचली की लाकूड फुगून वाकायचं आणि झडप उघडायची.

मंजुरीआधी ऑफिसातल्याच चार जणांच्या घरी महिनाभर एकेक झडप लावून पाहायचं ठरलं. तीन घरांतल्या झडपा दिवसातून पाच-सहादा उघडल्या. झडपरावांची मात्र ढिम्म हलली नाही.

हलणार कशी? बायको मुलीला घेऊन सात महिन्यांपूर्वी निघून गेली होती. भांडण नाही, तंटा नाही. ‘तू घरात असून नसल्यासारखाच असतोस,’ एवढंच म्हणाली, आणि ते खरंच होतं. तेव्हापासून झडपराव जेवायचे बाहेर, कपडे धुवायला द्यायचे बाहेर, आंघोळ उरकायचे गार पाण्याने. घरी तोंडातून शब्द निघत नव्हता, तिथे वाफ कुठली निघणार! ऑफिसात मात्र ‘घरी सगळे मजेत’ हे चालूच. झाकली मूठ सव्वा लाखाची. एका रविवारी त्यांनी झडपेखाली किटली उकळत ठेवली. झडप उघडली. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली आणि त्यांनी चाचणीच्या कागदावरची ती नोंद खोडून टाकली.

बैठकीत ऑफिसच्या मोठ्या बाईंनी चारही घरांचे कागद पुढ्यात घेतले.

“ही चौथी का उघडली नाही? यांचं तर भरलं घर.” मग त्या सुतारमिस्त्रींकडे वळल्या. “चिकटवण्यात चूक झाली असणार. मिस्त्री, तुमचा हात पूर्वीसारखा राहिला नाही. पुढच्या झडपा बाहेरून करून घेऊ.”

प्रत्येक झडप मिस्त्रींनी स्वतः तासली होती. त्यांनी ती चौथी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

“असेल बाई. डोळे दगा देतात हल्ली.”

चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि चोर समोरच तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला. मिस्त्रींचा पडलेला चेहरा काही झडपरावांना बघवेना.

“झडप चांगली आहे,” ते म्हणाले. “घरात मी एकटाच असतो. सात महिने झाले.”

बाईंनी उगाच चष्मा पुसला. झडपरावांना वाटलं, आता रडू येईल. पण आलं नाही.

मिस्त्रींनी झडपेची कड अंगठ्याने चाचपली.

“मग ही जाड पडते,” ते म्हणाले. “एकट्या माणसाच्या श्वासावर उघडायची, तर अजून पातळ तासावी लागेल.”

“किती पातळ?” बाईंनी विचारलं.

“ते मला काय ठाऊक? आमच्या घरात नऊ माणसं.” मिस्त्रींनी झडप झडपरावांपुढे सरकवली. “तुम्ही सांगायचं, साहेब.”