आक्काला पाण्यापर्यंत

“लिंबू फुटलं नाही,” आक्का म्हणाली.

“फुटलं असेल गं. नीट बघ.”

“तूच बघ की. चष्मा तुझ्या नाकावर आहे.”

तुकोजी कमरेची वेष्टी, तिकडचं लुंगीसारखं धोतर, सावरत वाकला आणि मागच्या चाकामागचं लिंबू उचलून त्याने डोळ्यांसमोर धरलं. लिंबू जसंच्या तसं होतं. उलट एवढ्या दांडग्या चाकाखालून जाऊन आल्यामुळे त्याला जरा तकाकीच आली होती. पुढच्या चाकाखालचं तर घरंगळत समोरच्या इडलीवाल्याच्या पायरीशी जाऊन बसलं होतं. कापूर जळला होता, नारळ फुटला होता, हँडलला झेंडूचा हार पडला होता. तिरुवल्लिकेणीत आजवर ज्या गाडीची पूजा झाली, तिने पहिल्या फेरीतच आपलं लिंबू चिरडून दाखवलं होतं. मोपेडने चिरडलं, ऑटोने चिरडलं, गॅसवाल्याच्या तीनचाकीनेही चिरडलं. ह्या रेड्याला तेवढं जमेना.

“सरी, बरं तर,” आक्का ओट्यावरून म्हणाली. “गाडी शुभ नाही. मी बसत नाही.”

समोरच्या मॅन्शनमधले, म्हणजे एकट्या नोकरदार पुरुषांच्या खानावळवजा वसतिगृहातले, ब्रह्मचारी तिन्ही मजल्यांवरून खाली वाकून बघत होते. त्यातला एक ओरडला, “सार, कलिंगड ठेवून बघा!”

तुकोजीने वर बघितलं नाही. महिनाभर तो वर बघायचंच टाळत होता.

गाडी त्याने मागितलेली नव्हती. ती घेतली वेंकटने, म्हणजे त्याच्या पुतणीच्या, कीर्तनाच्या नवऱ्याने. वेलचेरीहून ऑफिसला झोकात जायचं म्हणून. पण ती लिफ्टमध्ये मावेना, आणि खाली पार्किंगमध्ये विजेवरची गाडी चार्ज करायला सोसायटीने मनाई केली. तेव्हा वेंकटने ती टेम्पोत घालून सासरच्या माणसांकडे पाठवून दिली. “काकांना भाजी आणायला होईल,” असा निरोप होता. भाजी आणायला! मृदंगाएवढे जाड टायर, माणूस आडवा झोपेल एवढी लांब सीट, आणि वजन असं की स्टँडवरून काढायला शेजारच्याचा हात लागायचा. जॉर्ज टाउनातल्या घाऊक कागदाच्या दुकानात ज्याने सारा जन्म कारकुनीत काढला, रोज जुन्या सायकलवरून गेला आणि आला, त्या अविवाहित, किरकोळ अंगाच्या माणसाच्या दारात हे धूड येऊन उभं राहिलं.

पहिल्या दिवशी तो दूध आणायला निघाला. उजव्या हाताची मूठ त्याने जेमतेम पिळली. तो तर म्हणतो, पिळायचा नुसता विचार केला. दुधाचा बूथ गेला, देऊळ गेलं, दीपस्तंभ गेला, आणि ब्रेक सापडला तेव्हा तो सांथोमला होता. परत येईपर्यंत दुधाचं दही झालं होतं, असं इडलीवाला अजून सांगतो. दूध मुळात घेतलंच नव्हतं, हे तो सांगत नाही.

पुढचा जाच वेगळाच. सायकल दुरुस्तीवाला म्हणे, ही मोटरसायकल, मी हात लावत नाही. मोटरसायकलवाला म्हणे, ही सायकल, तिकडे जा. स्टँडवाला पावती मोटरसायकलची फाडी आणि जागा सायकलींच्या अडगळीत दाखवी. सिग्नलला लाल दिवा लागला की आजूबाजूचे विचारत, “सार, हे काय आहे?” आणि तुकोजी सांगायच्या आत हिरवा लागे. भीक नको पण कुत्रा आवर, अशी त्याची गत झाली. एकदा त्याने वेंकटला फोन करून स्पष्टच सांगितलं, “बाप्पा, घेऊन जा तुझं जनावर.”

“काका, सीरियसली, ठेवा हो,” वेंकट म्हणाला. “वाळूतसुद्धा चालते ती.”

तुकोजीने फोन ठेवला. त्यानंतर गाडी परत न्यायचं नाव त्याने काढलं नाही.

कारण आक्का. सकवारबाई ह्या भारदस्त नावाखाली तिने सरकारी इस्पितळात नर्स म्हणून उभी हयात काढली. पूर्वज तंजावरच्या दरबारात कोणीतरी होते. नेमके कोण, ते दर पिढीला वाढत गेलं. पण दोघा धाकट्या भावांना शिकवलं ते दरबाराने नव्हे, आक्काच्या पगाराने. तिचा एक नेम होता. ड्यूटीवर असताना कुणी रोगी गेला की ती सरळ घरी येत नसे. बसने मरीनावर जायची, ती लांबच लांब वाळू तुडवत पाण्यापर्यंत जायची, घोट्यापर्यंत उभी राहायची आणि मग घरी येऊन चुलीपाशी बसायची. ना मंत्र, ना फूल. किती परक्यांसाठी ती अशी उभी राहिली असेल, देव जाणे.

मग गुडघे गेले. आणि गुडघे गेल्यावर मधला भाऊ गेला. एकोजी, कीर्तनाचा बाप. इथेच, ह्याच घरात, आक्काच्या मांडीवर. समुद्र दोन गल्ल्यांपलीकडे होता आणि आक्काला जाता आलं नाही. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. एकदाच, तांदूळ निवडताना म्हणाली होती, “एकोजीचं राहिलं.”

आता येत्या शुक्रवारी दोघांनी वेलचेरीला, कीर्तनाकडे राहायला जायचं ठरलं होतं. तिथे लिफ्ट होती, डॉक्टर जवळ होता, सगळं होतं. समुद्र नव्हता.

“अगं, अपंगांसाठी सरकारने पाण्याकडे लाकडी रस्ता केलाय ना?” तुकोजीने महिन्यात दहादा सुचवलं होतं. “खुर्चीही मिळते.”

“मी अपंग कधी जाहले रे?”

“गुडघे चालत नाहीत त्याला काय म्हणतात?”

“गुडघे दुखतात म्हणतात. तीस वर्षं मी लोकांना खुर्चीत बसवलं. मजला कोण बसवणार?”

गाडीवर बसायला ती तयार झाली तीसुद्धा, पूजा झाली तर, ह्या अटीवर. आणि पूजेत हे असं.

“लिंबू काही फुटायचं नाही, सार,” पूजेपुरता हात लावायला तयार झालेल्या सायकलवाल्याने टायर अंगठ्याने दाबून सांगितलं. “ह्याच्यात हवा कमीच ठेवायची असते. मऊ टायर, लिंबू आत घेतो, बाहेर सोडतो. चिरडत नाही. कंपनीचं तसं सांगणं आहे.”

“कंपनीला आक्का नाही,” तुकोजी म्हणाला. “हवा भर.”

“पण सार...”

“भर म्हटलं ना!”

सायकलवाल्याने भरली, दमला, आणि पंप तुकोजीच्या हातात दिला. तुकोजीने तीन दिवस भरली. टायर टणक झाले, मग दगड झाले. बोटाने टिचकी मारली तर मृदंगासारखे वाजू लागले. इडलीवाला दुकानाची फळी अर्धी लावून आत जाऊन उभा राहिला. बुधवारी सकाळी ताजी लिंबं चाकांखाली ठेवली आणि गाडी ढकलली. फटकन फुटलं ते लिंबू! रस थेट तुकोजीच्या डोळ्यात. मॅन्शनच्या तिन्ही मजल्यांवरून टाळ्या पडल्या.

“आता?” तुकोजी एक डोळा चोळत म्हणाला.

आक्काने चिरडलेलं लिंबू निरखून बघितलं. “आता ठीक,” ती म्हणाली आणि पातळाचा काचा घट्ट करून ओट्याच्या कडेशी आली.

ओट्यावरून तिला सीटवर घ्यायला तुकोजी, इडलीवाला आणि एक ब्रह्मचारी लागले. बसल्यावर तिने तुकोजीच्या खांद्याला असं धरलं की त्याचा हात बधिर झाला.

“हळू चालव. मी रोगी नाही, तुझी आक्का आहे.”

“हळूच जातोय.”

“हे हळू? अय्यो, ती बस बघ! तुक्या, बस!”

“बस उभी आहे, आक्का!”

“उभीवरच लोक आपटतात. माझ्या वॉर्डात सगळे उभ्या बसवर आपटलेले.”

सगळा रस्ता हे असंच. टायर दगडासारखे, त्यामुळे रस्त्यावरचा बारीक खडासुद्धा दोघांच्या दातांपर्यंत पोचत होता. मरीनाच्या फुटपाथाशी येईपर्यंत तुकोजीला वाटायला लागलं होतं की शुक्रवार लौकर आला तर बरं.

सकाळ अजून कोवळी होती. फिरायला आलेले लोक, शिजवलेल्या शेंगांच्या गाड्या, आणि पलीकडे ती वाळू. मधे केवढी तरी वाळू, आणि तिच्या टोकाला पाण्याची रेघ. तुकोजीने मूठ पिळली. गाडीने वाळूत उडी घेतली, चार हात पुढे गेली आणि थांबली. मागचं चाक गरागरा फिरलं, वाळू फेकली आणि अर्धं गाडलं गेलं.

“काय जाहलं?”

“रुतली.”

“वाळूत चालते म्हणालास ना?”

“वेंकट म्हणाला.”

“वेंकटला लिफ्टमध्ये घालता आली नाही, त्याचं तू ऐकलंस?”

तुकोजी उतरला. त्याने मागून ढकललं, पुढून ओढलं, वाळूवर बसून हातांनी उकरलं. आक्का वर बसलेली, हारासकट, मिरवणुकीतल्या मूर्तीसारखी. तेवढ्यात शिट्टी वाजली. वाळू तुडवत एक पोलीसबाई आली. तिने गाडीला एक फेरी मारली, टायर बघितले, आक्काला बघितलं.

“वाळूवर गाडी आणायची नाही, तेरीयुमा, ठाऊक आहे का?” ती तमिळमध्ये खेकसली. “आणि हे काय आहे? सायकल की बाईक?”

तुकोजीने हातांची वाळू झटकली. “मला माहीत नाही, अम्मा! महिना झाला, मला माहीत नाही! सायकलवाला घेत नाही, बाईकवाला घेत नाही, वाळू घेत नाही, तुम्ही तरी घ्या! घेऊन जा स्टेशनवर!”

पोलीसबाई एक पाऊल मागे सरली. आक्काने वरून तिच्याकडे बघितलं. मग हळू आवाजात, स्वच्छ तमिळमध्ये म्हणाली, “व्हीलचेअर आहे, अम्मा. मला चालता येत नाही.”

तुकोजीने चमकून वर बघितलं. आक्का समोर पाण्याकडे बघत होती.

“मग तिकडे लाकडी रस्ता आहे ना, पाटी,” पोलीसबाईचा आवाज उतरला. म्हाताऱ्या बाईला तिकडे ‘पाटी’च म्हणतात.

“तिथे रांग असते. मला आज जायचंय. भाऊ गेला माझा.”

पोलीसबाईने टोपी काढून कपाळ पुसलं. “कधी?”

“दोन वर्षं झाली.”

पोलीसबाईने टोपी परत डोक्यावर ठेवली. ती म्हणाली, “साहेब यायच्या आत परता.” आणि लगेच गेली नाही, चाकाकडे बघत उभी राहिली. “पण ही जाणार कशी? चाकात हवा किती ठासली आहे. आमच्या गस्तीच्या गाडीची वाळूत उतरताना निम्मी काढतात.”

तुकोजीला सायकलवाल्याचा अंगठा आठवला. ‘मऊ टायर’ म्हणाला होता तो. आणि मग तीन दिवसांचा पंप, दुखरा खांदा, लिंबाने चुरचुरलेला डोळा, सगळं एकदम उसळलं.

“हे तुझ्या लिंबापायी!” तो आक्कावर ओरडला. “मऊ होती तेव्हा चालली असती! तुझं लिंबू फुटावं म्हणून दगड केली मी! आता हवा सोडली तर तुझं शुभ जातंय, ठेवली तर समुद्र जातोय. सांग, काय करू? बोल!”

जन्मात तो आक्कावर ओरडला नव्हता. पोलीसबाई दुसरीकडे बघू लागली.

आक्काने दोन्ही हात डोक्यामागे नेले. अंबाड्यातला लोखंडी आकडा उपसला. पांढरे केस मानेवर सैल झाले. तिने आकडा त्याच्यापुढे धरला.

“काढ हवा.”

“आक्का...”

“काढ म्हणते ना. ऊन चढतंय.”

आकड्याच्या टोकाने त्याने व्हॉल्व दाबला. हवा फुसफुसत बाहेर आली. किती तरी वेळ येत राहिली. टायर बसत गेले, वाळूवर पसरले, म्हशीच्या पायासारखे रुंद झाले. पोलीसबाईने मागून रेटा दिला. तुकोजीने मूठ अलगद पिळली, आणि गाडी खड्ड्यातून वर आली आणि चालू लागली. रस्त्यावर ती अशी कधीच चालली नव्हती. न उसळता, न खडखडता, रवाळ पिठावरून हात फिरवावा तशी. आक्काचा हात त्याच्या खांद्यावर होता, पण आता नुसता ठेवलेला.

वाळू ओली झाली, पाण्याकडे उतरू लागली, तिथे आक्का म्हणाली, “थांब. मी उतरते. बसून जायचं नसतं.”

“पडशील.”

“ह्याला धरते.”

हँडलवरचं खालचं बटण दाबून धरलं की गाडी माणसाच्या चालीने आपणहून सरकायची. तुकोजी एका बाजूने हँडल धरून बटण दाबत होता. दुसऱ्या बाजूने आक्काने लांब सीटवर दोन्ही हात टेकले, पाठ सरळ केली आणि पाऊल टाकलं. मग दुसरं. इस्पितळाच्या लांब व्हरांड्यातून रोग्याची ट्रॉली न्यावी तशी ती चालत होती. न घाई करता, समोर बघत, आपल्या हाताखालच्या वजनाला धक्का न लावता. तुकोजीने तिला असं चालताना कधी बघितलं नव्हतं. तो नेहमी घरी होता. ही चाल कामावरची होती.

पहिली लाट तिच्या बोटांपर्यंत आली. ती थांबली नाही. दुसरी घोट्यापर्यंत आली, तेव्हा थांबली. एक हात सीटवर, दुसऱ्यात पातळाच्या निऱ्या. पाणी परत जाताना तिच्या टाचांखालची वाळू ओढून नेत होतं आणि ती पाय घट्ट रोवत होती. ओठ हलले नाहीत. सुटलेले केस तेवढे वाऱ्यावर हलत होते.

तिसरी लाट मोठी होती. ती मागच्या चाकाच्या मधोमध, विजेच्या मोटरवरून, फेसाळत पलीकडे गेली. हँडलवरचा वेग दाखवणारा दिवा एकदा मिणमिणला आणि विझला. कागदाच्या दुकानात जन्म घालवलेल्या माणसाला पाणी काय करतं हे सांगावं लागत नाही. गाडी मागे ओढायला हवी होती, आत्ता, ह्या घटकेला. पण सीटवर आक्काचा हात होता, आणि तिचा सगळा भार त्या हातावर होता.

“तुक्या,” ती पाण्याकडे बघतच म्हणाली, “अजून एक येऊ देऊ?”

चौथी लाट लांबवर उचलली जात होती. तुकोजीने पाय फाकवले आणि हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

“येऊ दे, आक्का,” तो म्हणाला. “मी धरलीय.”