पिएवे दोल्मोच्या फलाटावरची पिवळी चौकट

मित्रांनो, माझ्या काचेवर डाव्या कोपऱ्यापासून मधोमध गेलेली चीर दिसते ना? ती म्हातारपणाची नाही. गारपिटीचीही नाही. ती तांब्याच्या कढईची आहे, आणि कढई जिच्या हातात होती तिची चूक होती, माझी नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण या गावात माझं म्हणणं कोणी विचारलंच नाही.

मी पिएवे दोल्मो स्टेशनावरची लोखंडी चौकट. माझ्या काचेमागे पिवळा कागद असतो आणि त्यावर इथून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा. येणाऱ्या गाड्यांचा पांढरा कागद माझ्या बहिणीकडे होता. ती शेजारच्याच भिंतीवर होती. एके दिवशी तिचे स्क्रू काढले आणि तिला नेलं. कुठे नेलं, कोणी सांगितलं नाही.

क्रेमोनाच्या एका लोहाराने मला घडवलं. चारही कोपरे त्याने हाताने घासून गोल केले, पोरांच्या डोक्याला लागू नयेत म्हणून. तेव्हा स्टेशनमास्तर होते. ते रोज सकाळी माझी काच ओल्या फडक्याने पुसत आणि मगच स्वतःची कॉफी पीत. शनिवारी माझ्यापुढे गर्दी व्हायची. सकाळी मांतोवाला जायचं, तळ्याकाठी डबा खायचा, संध्याकाळी परत. नाहीतर पार्मा. नाहीतर बदामाची चिक्की आणायला क्रेमोना. माणसं माझ्यावर बोटं फिरवत, भांडत, बेत ठरवत. "ही कधी खोटं बोलत नाही," असं मास्तर म्हणायचे, आणि मी खरंच बोलत नसे.

मग मास्तर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही. लोकांच्या खिशात फोन आले. आता माझ्यावर सायकली टेकवतात. हरवलेल्या मांजरांचे कागद माझ्या तोंडावर चिकटवतात. मांजर घरी येऊन झोपतं, कागद मात्र वर्षभर तसाच! याला माणुसकी म्हणतात का?

मला वाचणारी एकच व्यक्ती उरली होती, दिर्चे. शाळेच्या भोजनगृहात तीस वर्षं स्वयंपाक केलेली, आवाजाने खणखणीत बाई. तिच्याजवळ एक वही असे. ज्या ज्या स्टेशनावर उतरे, तिथल्या पिवळ्या कागदावरच्या वेळा ती त्या वहीत उतरवून आणी. कोणाला सकाळी जाऊन दिवेलागणीला परत यायचं असेल, तर तो माझ्यासमोरच्या बाकावर येऊन दिर्चेला विचारी. ती कुठे गाडी बदलायची, कुठे जेवायचं आणि कुठलं उपाहारगृह लुटारू आहे हे सगळं सांगे. म्हणूनच तिने माझ्यावर हात उचलला याचा मला जास्त संताप येतो. परक्याने मारलं तर माणूस विसरतो.

झालं असं. दिर्चेची बहीण आर्जा मांतोवात शिवणकाम करते. आई गेल्यावर मक्याच्या पिठाचा पोलेंटा घोटायची आईची तांब्याची कढई सापडेना. "तूच नेलीस," असं दिर्चे तिला चारचौघांत म्हणाली. अकरा वर्षं अबोला. या उन्हाळ्यात कढई सापडली, दिर्चेच्याच तळघरात, दारूच्या बुधल्यांमागे. दिर्चेने पत्र लिहिलं. आर्जाचं उत्तर तीन ओळींचं आलं. सान मार्तीनोच्या दिवशी ये. बाराला ताट वाढीन. नाही आलीस तर पुन्हा लिहू नकोस.

सान मार्तीनो हा पिएवेचा ग्रामदैवत संत. त्या दिवशी इथे शाळा बंद, दुकानं बंद, चौकात भाजलेली चेस्टनटं आणि नवी दारू. दिर्चे आठ वाजायला दहा मिनिटं असताना फलाटावर आली. अंगावर ठेवणीतला कोट, पिशवीत कढई. आठ पाचची मांतोवाची थेट गाडी पकडायची होती.

आठ पाच झाले. सव्वाआठ झाले. रूळ रिकामे.

स्टेशनातल्या बारचा मालक तुल्लिओ दारात येऊन उभा राहिला. "दिर्चेबाई, एवढं सामान? चंद्रावर निघालात की काय?"

"आठ पाचची कुठे मेली?"

तुल्लिओने फोन काढला. "आज ती नाहीच. सातबत्तीसची होती, ती गेली. आता निघालात तर मांतोवाला पोचायला दुपारचे एक चाळीस होतील."

"एक चाळीस? बाराला जायचंय मला!"

"मग बहिणीला फोन करा, सांगा उशीर होईल."

"फोनवर सबब सांगायची? आर्जाला? ती ऐकून घेईल आणि ठेवून देईल. तू तिला ओळखत नाहीस."

मग ती माझ्याकडे वळली. "काल संध्याकाळी इथे उभी राहून वाचलंय मी! खोटारडी मेली!" आणि पिशवी गरकन फिरवली. कढई काचेवर बसली.

मित्रांनो, नाचता येईना, अंगण वाकडं! आठ पाचच्या ओळीपुढे माझ्या कागदावर छोटा क्रूस छापलेला आहे. क्रूस म्हणजे रविवार आणि देशभराची सुट्टी. सातबत्तीसपुढे एकमेकींवर ठेवलेल्या दोन हातोड्या आहेत, म्हणजे कामाचा दिवस. पिएवेचा संत पिएवेपुरता! बाकीच्या देशाला तो साधा मंगळवार होता. सगळं गाव सुट्टीवर, म्हणून गाडीही सुट्टीची, असं दिर्चेने गृहीत धरलं आणि खापर माझ्या डोक्यावर फोडलं.

ती बाकावर बसली आणि रडली. शाळेतल्या दोनशे पोरांना दम भरणारी बाई रडताना मी कधी पाहिली नव्हती. मला वाईट वाटलं. रागही होताच.

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं, चष्मा लावला आणि चिरेच्या दोन्ही बाजूंनी मला वाचू लागली. या वेळी नीट, बोट ठेवून.

"तुल्लिओ, दहा आठची जंक्शनला कधी पोचते?"

"दहा एक्कावन्न. पण पुढची मांतोवाची गाडी बारा चोपन्नची दाखवतोय."

दिर्चेने वही उघडली. माझ्या जंक्शनवरच्या भावाकडून उतरवलेलं पान. "दहा चोपन्नलाही एक आहे."

"तीन मिनिटांत गाडी बदलणार? फोन म्हणतो जमत नाही."

"तुझा फोन उतरलाय का कधी तिथे? समोरासमोर फलाट आहेत. चार पावलं."

"तुमचे गुडघे, बाई."

"गुडघे माझे आहेत, फोनचे नाहीत."

दहा आठच्या गाडीने ती गेली. जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाट मीच दाखवली होती ना? पण आभार कोण मानतो! दिवसभर वारा चिरेतून आत येत राहिला आणि कागदाचा कोपरा फडफडत राहिला. ती चार पावलं तिला साधली की नाही, हा घोर मात्र माझा सुटेना.

संध्याकाळच्या पावणेसातच्या गाडीतून दोन म्हाताऱ्या उतरल्या. दोघींचं नाक एकसारखं. सान मार्तीनोची चेस्टनटं खायला आर्जा अकरा वर्षांनी गावी आली होती. माझ्यासमोर ती थबकली.

"हे काय केलंस?"

"गाडी चुकली ना हिच्यामुळे."

आर्जाने वाकून पाहिलं. "आंधळे, हा क्रूस आहे! आज कोणता सण?"

"सान मार्तीनो."

"तो तुमच्या चौकात. गाडीला काय त्याचं?" मग ती सरळ उभी राहिली. "माग माफी."

"चौकटीची?"

"कढई टेबलावर ठेवलीस. जेवलीस. भोपळ्याच्या सारणात मीठ कमी म्हणालीस. सगळं बोललीस, तेवढा एक शब्द सोडून. तुला जमत नाही, मला माहितेय. मग हिच्यापासून सुरुवात कर."

दिर्चेने हातमोजा काढून तळवा माझ्या चिरेवर ठेवला.

"चुकलं माझं," ती मला म्हणाली.

हात तिने उचलला नाही. मानही वळवली नाही.

"चुकलं माझं, आर्जा."

आर्जाने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघी चौकाकडे गेल्या.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. काच बदलायला कोणी आलेलं नाही आणि मांजराचा कागदही तसाच आहे. तुमच्या गावात माझ्यासारखी एखादी असेल, तर कधीतरी तिच्यावरून फडकं फिरवा. आणि कोणालाही खोटारडं म्हणण्याआधी चष्मा लावून, बोट ठेवून, ओळ शेवटपर्यंत वाचा. दिर्चेला तेवढ्यासाठी अकरा वर्षं लागली.