चौदाव्या चौकटीतला बाण

ओडेटच्या चौदाव्या चौकटीवर लाल पेनाने तिसऱ्यांदा गोल काढला तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. वर्षभर घसा कोरडा करून सांगते मी या पोरांना, की गाण्याचा व्हिडिओ करायचा तर आधी एकेक शॉट कागदावर चौकटीत काढा. माणूस हलणार असेल तर बाण चौकटीच्या आत, कॅमेरा हलणार असेल तर बाहेर. एवढं सोपं. आणि ओडेट तर माझी सगळ्यात हुशार मुलगी. गाणं तिचंच, बर्फाच्या रिंकवर एकटी उभी राहून गाणारीही तीच. कॅमेरा बाजूला सरकेल असं मला तोंडाने सांगते आणि बाण काढते आत, तोही आपल्या मागे, रिकाम्या बर्फावर!

"अगं, तिथून कोण जाणार आहे? भूत?" मी विचारलं.

"राहू द्या ना मॅडम," ती म्हणाली. खोडलं मात्र नाही.

आमच्या कॅनडातल्या सडबरी गावातली ती रिंक आम्हाला रविवारी सकाळी सहा ते सात मिळाली, ती ओडेटच्या बाबांच्या ओळखीने. तिचे बाबा गास्तों तिथे एकतीस वर्षं बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवतात. मार्चअखेर निवृत्त होणार. कायम दाढीचे खुंट आणि तेच तेलकट जाकीट. गावातली निम्मी पोरं त्यांच्या बर्फावर आपटत-धडपडत स्केटिंग शिकली, माझी दोन्हीसुद्धा.

कॅमेरा लावता लावता तिच्याच वर्गातल्या कोल्बीने मला सांगितलं, की ओडेटने बाबांना व्हिडिओत या म्हणून किती गळ घातली. पण ते म्हणे, माझं थोबाड कोण बघणार? हा माणूस फोटोतही सापडत नाही. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोत त्यांचं नुसतं कोपर आहे. शॉटच्या वेळा कळाव्यात म्हणून चौकटींची एक प्रत ओडेटने त्यांना दिली होती, ती तेवढी त्यांनी यंत्रावर नीट चिकटवली होती.

तेरा शॉट सुरळीत झाले. चौदाव्याला ओडेट गायला लागली आणि तिच्या मागून यंत्र घरघरत निघालं. मी ओरडणार, तेवढ्यात कोल्बीने कॅमेऱ्यावरची नजर न हलवता माझी बाही धरली. यंत्र बाण होता तसं, सरळ रेषेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. ओडेट एक ओळ विसरली, पण तिने वळून पाहिलं नाही.

गास्तों खाली उतरून माझ्यापाशी आले. "बाण आत होता मॅडम. आत म्हणजे माणूस हलणार, असं पोरीने सांगितलंय."

"बरोबर आहे," मी म्हटलं. मला भरून आलं होतं, लाल पेनाची लाजही वाटत होती.

"कागदावर काम दिलं होतं, म्हणून गेलो. बाकी मला नाही हौस."

एवढं बोलून त्यांनी जाकिटाची चेन खाली ओढली. रविवारी सकाळी सहाला हा माणूस गुळगुळीत दाढी करून, आत इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता.