पार्लरमधली उजळणी

रोसल्बाने इतिहासाच्या पुस्तकातल्या महत्त्वाच्या ओळी तेवढ्या पिवळ्या करायला घेतल्या आणि दहाव्या पानावर तिच्या लक्षात आलं, की बिनमहत्त्वाची अशी ओळच आपल्याला सापडत नाहीये. आठवड्याभरात सगळं पुस्तक पिवळंधमक झालं. मग एका हुशार मैत्रिणीने सल्ला दिला, की त्यातलं खरोखरच महत्त्वाचं तेवढं हिरवं कर. पुस्तक हिरवं झालं. त्यानंतर तिने सगळे धडे स्वतःच्या आवाजात फोनमध्ये भरले आणि उशाशी लावून झोपली. धडे काही डोक्यात शिरले नाहीत, पण झोप अशी गाढ लागायला लागली की आई हलवून हलवून दमायची. आईचा स्वतःचा उपाय वेगळाच. मासे खाल्ले की स्मरणशक्ती वाढते, हे दक्षिण इटलीतल्या त्या गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक, त्यामुळे मे महिन्यापासून घरात दोन्ही वेळेला सार्डिन शिजत होते. धाकटा भाऊ गाएतानो म्हणाला, हिला इतिहास येवो न येवो, पोहता नक्की येईल.

गाएतानोला विनोद सुचत होते त्याला कारण होतं. रोसल्बा शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत, म्हणजे मातुरितामध्ये, गेल्या वर्षी नापास झाली होती. यंदाही गडगडली तर पुढच्या वर्षी बहीण-भाऊ एकाच वर्गात. गाएतानोने तिच्यासाठी जागासुद्धा हेरून ठेवली होती, खिडकीजवळ, स्वतःच्या शेजारी, आणि ही गोष्ट तो रोज जेवताना एकदा तरी काढायचा. लेखी पेपर काठावर गेले होते. आता तोंडी परीक्षेत, तीही इतिहासात, चांगली बोलली तरच तिची नाव पैलतीराला लागणार होती.

पोरगी ढ नव्हती हो. घोकंपट्टीत तर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. दुखणं निराळंच होतं. बोलताना कोणी मध्ये तोडलं, की तिची गाडी रुळावरून घसरायची आणि ये रे माझ्या मागल्या, ती पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करायची. हिवाळ्यात एकदा वर्गात ती फ्रेंच राज्यक्रांती सांगत असताना शिपाई सूचना घेऊन आला, मग कोणीतरी खिडकी लावली, मग एक मुलगा शिंकला. त्या एका तासात फ्रान्सच्या राजाचं डोकं उडायची वेळ काही आलीच नाही.

आणि यंदा इतिहासाला परगावचे प्रोफेसर स्कार्दिक्यो येणार होते. त्यांची ख्याती पार बारी शहरापर्यंत पसरलेली. म्हणे, हा माणूस मुलांना सलग दोन वाक्यं बोलू देत नाही, दर वेळी "का?" म्हणून आडवा येतो. ही बातमी ऐकली आणि रोसल्बाच्या तोंडचं पाणीच पळालं.

त्या भागात पाठ करायचं ते कोणाला तरी मोठ्याने म्हणून दाखवायचं, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. रोसल्बा आईला म्हणून दाखवायची. आई भाजी निवडत मान डोलवायची आणि शेवटी "वा, छान" म्हणायची. एकदा रोसल्बाने चुकून नेपोलियनला पहिल्या महायुद्धात लढायला पाठवलं, तेव्हाही आई "वा, छान" म्हणाली. पण महिनाभर ऐकून ऐकून आईचं डोकं उठलं, आणि तिने पोरीला पुस्तकासकट आपल्या बहिणीच्या पार्लरमध्ये पाठवून दिलं. तिथे बायका डोक्याला रंग लावून तासतासभर रिकाम्या बसलेल्या असतात, त्यांना म्हणून दाखव म्हणाली.

आता तितिना मावशीचं पार्लर म्हणजे काय, हे गावात कोणाला सांगायला नको. तिथे आजवर एकाही बाईने एकही वाक्य पुरं केलेलं नाही. एकीने तोंड उघडलं की दुसरी त्यात नाक खुपसणार आणि तिसरी दोघींची चूक काढणार. मावशी कात्री चालवता चालवता आरशातूनच सगळ्यांना उत्तरं देते. रोसल्बा मधल्या स्टुलावर बसली, डोळे मिटले आणि तिने पहिल्या महायुद्धाला हात घातला.

"अठराशे ब्याऐंशी साली इटलीने जर्मनी आणि ऑस्ट्रियाशी करार केला, आणि त्यानंतर–"

"दोघांशी?" मासेवाल्याच्या बायकोने, निकोलेत्ताने, कर्लर लावलेलं डोकं ड्रायरमधून बाहेर काढलं.

रोसल्बा थांबली. पुन्हा डोळे मिटून तिने अठराशे ब्याऐंशी साल काढलं. या वेळी मावशीनेच विचारलं, की करार कोणी जमवला. तिसऱ्यांदा कोणीतरी ऑस्ट्रियाचं वय विचारलं. चौथ्यांदा अठराशे ब्याऐंशी आल्यावर कोपऱ्यातल्या दोन्ना पास्का, ऐंशी वर्षांच्या आणि जिभेला धार असलेल्या, काठी आपटून म्हणाल्या, "अगं, जपमाळ ओढतेयस का? ते आम्ही ऐकलं. विचारलंय त्याचं उत्तर दे आणि पुढे चल."

रोसल्बाला रडूच यायला लागलं. तिला उत्तर येत नव्हतं, तिला फक्त धडा येत होता. त्या दिवशी ती घरी आली आणि चिडून पुस्तक उघडलं. त्या पिवळ्या-हिरव्या पानांत "कारण" हा शब्द किती ठिकाणी आहे, हे तिला त्या संध्याकाळी पहिल्यांदा दिसलं.

दुसऱ्या दिवशी ती उत्तरं घेऊन गेली, तर बायकांनी नवे प्रश्न काढले. हळूहळू सगळं प्रकरण रंगात आलं, कारण महायुद्ध म्हणजे शेवटी काय होतं, हे बायकांच्या बरोबर ध्यानात आलं होतं.

"म्हणजे साखरपुडा जर्मनी-ऑस्ट्रियाशी," निकोलेत्ता म्हणाली, "आणि लग्न इंग्लंड-फ्रान्सशी?"

"हो. एकोणीसशे पंधराच्या एप्रिलात लंडनला गुपचूप करार झाला. आणि जुना आठवड्याभराने मोडला."

"आठवडाभर दोन्हीकडे?" मावशीची कात्री थांबली. "घरात कोणाला विचारलं होतं का?"

"नाही. संसदेला पत्ताच नव्हता."

"पळून जाऊन लग्न," दोन्ना पास्कांनी निकाल दिला. "आणि तिकडून दागिन्यांत काय ठरलं होतं?"

ऑस्ट्रियाच्या ताब्यातले त्रेन्तो, त्रिएस्ते, इस्त्रिया आणि दाल्मेशियाचा तुकडा, असं रोसल्बाने न अडखळता सांगितलं. युद्धानंतर दाल्मेशिया जवळजवळ मिळालंच नाही, हे ऐकून पार्लरमध्ये असा संताप झाला, की कोणाला वाटावं कोणाच्या तरी पोरीचेच दागिने सासूने दाबून ठेवले आहेत. निकोलेत्ता इटलीच्या बाजूची होती. म्हणायची, ऑस्ट्रियाने न विचारता भांडण उकरून काढलं, मग तिने तरी का नांदावं. दोन्ना पास्का ऑस्ट्रियाच्या बाजूच्या होत्या, शब्द म्हणजे शब्द. दोघी दोन दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या. भांडणाच्या भरात मावशीने नोटरीच्या बायकोचे केस तपकिरीऐवजी वांग्याच्या रंगाचे केले, तरी ती उठली नाही, कारण नुकतं कुठे रशियातलं प्रकरण सुरू झालं होतं. निकोलेत्ता एका आठवड्यात तीनदा केस सेट करून आली, तेव्हा तिच्या नवऱ्याच्या मनात नाही नाही ते यायला लागलं.

जुलैत तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला. ही परीक्षा उघड्या दाराची असते, मागच्या खुर्च्यांवर कोणीही येऊन बसू शकतं. एरवी एखादी मैत्रीण येते. रोसल्बाच्या मागे अख्खं पार्लर येऊन बसलं, केस सेट करून, पंखे घेऊन, आणि एका टोकाला गाएतानो, दात काढत.

टेबलापलीकडे परीक्षक बसले होते. मधोमध अध्यक्षबाई, पट्टीसारख्या ताठ, आणि त्यांच्या शेजारी प्रोफेसर स्कार्दिक्यो. एक गोष्ट मात्र रोसल्बाला ठाऊक नव्हती. गेल्या वर्षी प्रोफेसरांच्या विरोधात पालकांच्या तक्रारी गेल्या होत्या आणि अध्यक्षबाईंनी त्यांना सकाळीच तंबी दिली होती, की मुलांना मध्ये तोडायचं नाही. बिचारे ओठ घट्ट मिटून बसले होते.

"अठराशे ब्याऐंशी साली इटलीने जर्मनी आणि ऑस्ट्रियाशी करार केला," रोसल्बा म्हणाली आणि सवयीने थांबली.

प्रोफेसरांनी मान डोलवली. ती वाट बघत राहिली. कोणी "दोघांशी?" म्हणेना. तिने आणखी एक वाक्य पुढे सरकवलं आणि पुन्हा थांबली. पुन्हा नुसतीच मान. घ्या, आता बोला. जिला कोणी तोडलेलं चालत नव्हतं, तिला आता कोणी तोडल्याशिवाय बोलता येईना. खिडकीजवळची ती जागा तिला डोळ्यांपुढे स्पष्ट दिसायला लागली.

ही शांतता दोन्ना पास्कांना सोसली असती तर सूर्य पश्चिमेला उगवला असता.

"अगं, पण दोघांशी का?" त्या मागून कडाडल्या.

अध्यक्षबाईंनी गप्प बसायला सांगितलं. निकोलेत्ता उठून समजवायला लागली, की म्हातारीचं वय झालंय, मनावर घेऊ नका. वय कोणाचं झालं, यावर मागे जुंपली. दोन मिनिटांत सगळं पार्लर गाएतानोसकट बाहेर काढलं गेलं आणि दार लागलं.

रोसल्बा एकटी उरली. इतकी एकटी ती कधीच नव्हती. मग तिने दोन्ना पास्कांच्याच ठसक्यात टेबलावर बोट आपटलं.

"दोघांशी का, असं कोणी विचारेल," ती म्हणाली. "तर ऐका. फ्रान्सने ट्युनिशिया घेतलं, इटलीच्या नाकाला मिरची झोंबली, म्हणून. मग पुढे मोडलं का? कारण ऑस्ट्रियाने न विचारता भांडण काढलं. पण शब्द म्हणजे शब्द, त्याचं काय? त्याचं असं, की शब्दात लिहिलं होतं, कोणी अंगावर आलं तर मदत, आपण होऊन कोणाच्या अंगावर गेलात तर नाही. बरं, मग गुपचूप का? घरचे नाही म्हणाले असते म्हणून."

तिने स्वतःच विचारलं, स्वतःच टोमणे मारले, स्वतःच उत्तरं दिली. एकदा तर तिने मावशीसारखी आरशात बघायला मानही वळवली. अध्यक्षबाईंचा चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता, तो सावरायचं त्यांना भान नव्हतं.

निकाल काही दिवसांनी लागला आणि ती चांगल्या गुणांनी पास झाली, हे इथेच सांगून टाकतो, उगीच कोणाचा जीव टांगणीला नको. पण तिच्या दृष्टीने ती पास झाली ती त्याच खोलीत, त्याआधीच. युद्ध संपवून ती तहाच्या टेबलापर्यंत पोहोचली होती, तेवढ्यात प्रोफेसर स्कार्दिक्योंचा धीर सुटला. तंबी विसरून त्यांनी हात वर केला.

"छान, पुरे," ते म्हणाले. "आता आपण दुसऱ्या विषयाकडे–"

तिला तोडलं होतं, अगदी ऐन वाक्याच्या मध्यात. आणि ती अठराशे ब्याऐंशीला परत गेली नव्हती. ती होती तिथेच, पाय रोवून उभी होती. हे तिच्या लक्षात आलं आणि तिला इतका आनंद झाला, की ती परीक्षेला बसली आहे हेच विसरून गेली.

"पुरे कसं सर? मध्ये मध्ये बोलू नका," ती म्हणाली. "दाल्मेशिया राहिलंय अजून."

अध्यक्षबाईंनी प्रोफेसरांकडे पाहिलं. प्रोफेसरांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"बरं," ते म्हणाले. "मग?"