गळतीचं सूत्र

“जे डावीकडे करशील तेच उजवीकडेही कर. एवढं पाळलंस की समीकरण तुला कधी दगा देणार नाही.”

भाऊ हे म्हणायचा तेव्हा त्याच्या छातीत वाक्य पुरं करण्याइतका श्वास होता. दगड कापायच्या कारखान्यातून तो संध्याकाळी घरी यायचा, भुवयांवर बसलेली पांढरी भुकटी धुवायचा आणि ओल्या हातांनीच मुंगीचं गणित पुढ्यात ओढायचा. मुंगी त्याची मुलगी. रांगायची तेव्हापासून स्वतःपेक्षा मोठं काहीतरी ओढत इकडून तिकडे न्यायची, म्हणून त्यानेच ते नाव ठेवलं. आता ती आठवीत गेली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

धुऊन जायची ती वरवरची भुकटी. आत गेलेली छातीत घर करून बसली. आता भाऊ पलीकडच्या खोलीत उशांना टेकून असायचा, नाकात नळी, शेजारी जवळजवळ त्याच्याच उंचीची ऑक्सिजनची टाकी. दोन शब्द बोलला की धाप लागायची. म्हणून त्याने चमचा हाताशी ठेवला होता. पलंगाच्या लोखंडी दांडीवर तो एकदा वाजला की बरोबर, दोनदा वाजला की चूक. मुंगीला त्या खोलीत जायची बंदी होती. शाळेतून साधं पडसं जरी घेऊन आली तरी ते बापाला झेपायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती उंबऱ्यापाशी उभी राहून त्याच्याशी बोलायची आणि गणितं स्वयंपाकघरातून मोठ्याने वाचायची. मधली भिंत पातळ होती, तेवढीच देवाची दया.

मुंगीची आई दुपारपाळीला खोकी भरायच्या कारखान्यात जायची. त्यामुळे शिकवायचं काम आत्याकडे आलं. आत्या भावापेक्षा थोरली, एकटी, शिवणकामावर जगणारी. तो आजारी पडल्यावर मशीन उचलून इथेच राहायला आली होती. एकेकाळी नापास होता होता तिला याच धाकट्या भावाने बीजगणितातून ओढून काढलं होतं. त्यातलं निम्मं ती विसरली होती आणि उरलेलं तिला त्याच्या आवाजातच आठवायचं.

“आज काय दिलंय?” काजं करता करता तिने विचारलं.

“सूत्राचा कर्ता बदला.”

“कर्ता म्हणजे कोणता गं?”

“काल सांगितलं ना, आत्या. डावीकडे एकटा उभा असतो तो कर्ता. बाकीचे सगळे उजवीकडे गर्दी करून बसतात.”

“म्हणजे तुझी आई. या घराची कर्ती तीच.”

भिंतीपलीकडे चमचा एकदा वाजला. दोघींना हसू आलं. त्या घरात हसू हल्ली पाहुण्यासारखं यायचं, टेकायचं नाही.

“अंतर बरोबर वेग गुणिले वेळ,” मुंगीने मोठ्याने वाचलं. “आता वेळेला कर्ता करायचंय.”

“त्याला वेग चिकटलाय. सोडव त्याला.”

“गुणून चिकटलाय, म्हणून भागून सुटेल. दोन्हीकडे वेगाने भागलं. वेळ बरोबर अंतर भागिले वेग.”

चमचा एकदा वाजला.

“शेवटचा प्रश्न राहिला. आपल्या घरातलं एखादं सूत्र स्वतः तयार करा आणि त्याचा कर्ता बदला. बाई म्हणाल्या, नळाचं घ्या, शेगडीचं घ्या, काहीही चालेल. मी टाकीचं घेतलंय.”

आत्याच्या सुईला दोरा होता, हात होता, पण टाका पडेना.

“टाकीतला साठा बरोबर प्रवाह गुणिले वेळ,” मुंगी सांगत राहिली. “साठा टाकीवर लिहिलेलाच असतो. प्रवाह मिनिटाला दोन लिटर. पहिल्यापासून तोच आहे, आईला विचारून घेतलं मी. त्यावरून वेळ काढला. एक टाकी दोन दिवस पुरून वर काही तास उरायला हवी. पण हल्ली ती एक दिवस कशीबशी पुरते. माझं कुठे चुकलं?”

कुठेच चुकलं नव्हतं. प्रवाह आता दोनचा राहिला नव्हता. डॉक्टरांनी आधी थोडा वाढवायला सांगितला होता, मग आणखी, आणि जाताना जिन्यात म्हणाले होते, “आता हा आकडा वरच जाणार. खाली यायची वाट बघू नका.” टाकीच्या डोक्याशी काचेची नळी होती आणि तिच्यात तरंगणारी इवलीशी गोळी. जेवढी गोळी वर, तेवढा प्रवाह जास्त. ती चारच्या खुणेवर नेऊन ठेवली आत्यानेच, स्वतःच्या हाताने. दारातून मुंगीला दिसू नये म्हणून मुंगीच्या आईने त्यावर टॉवेल टाकला. धूळ बसते, असं सांगितलं. मग तिने आत्याचा हात धरला होता. “ताई, परीक्षा होईपर्यंत तरी पोरीला काही कळू द्यायचं नाही. मला शब्द द्या.” आत्याने मान हलवली होती.

पण त्याच्याही आधी, बोलता येत होतं तेव्हा, भावाने एक शब्द घेतला होता. “ताई, मुंगी विचारत नाही तोवर गप्प राहा. पण विचारलंन की खरं सांग. तिला खोटं उत्तर चालत नाही, मी तसं शिकवलंच नाही तिला.”

मुंगी पेन्सिल चावत वाट बघत होती.

“गळत असेल कुठेतरी,” आत्या म्हणाली. “वॉशर गेला असेल. जुन्या वस्तू त्या.”

चमचा दोनदा वाजला.

“आत्या, बाबा चूक म्हणतायत.”

“पाणी हवं असेल त्याला,” असं म्हणून ती उठली.

भावाच्या हातात चमचा तसाच होता. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. तिने उशी नीट केली, जी नीटच होती.

“तुझ्या बायकोला शब्द दिलाय मी,” ती हळूच म्हणाली.

त्याने श्वास गोळा केला. “आधी,” तो म्हणाला. मग पुन्हा गोळा केला. “मला.”

दुसऱ्या दिवशी मुंगी शाळेतून आली आणि मागोमाग टाकीवाला आला. खांद्यावरून टाकी उतरवून तो नेहमीसारखा जिन्यातच ओरडला, “मुंगीबाई, या, तुमच्या मापाचं ओझं आणलंय.”

“काका, तुमची टाकी गळते.”

“माझं नाक गळेल. टाकी नाही गळायची.”

“मग साबण लावून दाखवा.”

“अरे बापरे, आज तपासणी आहे वाटतं.” तो हसत हसत आत गेला. टाकी बदलली, वाटीत साबणाचा फेस केला आणि जोडावर ब्रशने फासला. मुंगी उंबऱ्यावर चवड्यांवर उभी होती. टॉवेल बाजूला ठेवावा लागला होता, म्हणून आत्या काचेच्या नळीसमोर पाठ करून उभी राहिली. फेस जोडाभोवती गप्प बसला. गळती असती तर तिथे बुडबुडा फुगला असता. एकही फुगला नाही.

“बघा, कोरडी ठणठणीत...” टाकीवाल्याने अभिमानाने वर पाहिलं. त्याची नजर आत्याच्या चेहऱ्यावर गेली. तिने मान अगदी थोडी हलवली.

त्याचं हसू मिटलं. “हं,” तो म्हणाला. “वॉशर जरा जुना दिसतोय खरा. बदलून टाकतो.”

चांगला वॉशर काढून त्याने दुसरा बसवला. मुंगी जोडाकडे बघत होती, मग त्याच्याकडे, मग आत्याच्या पाठीकडे. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

रिकामी टाकी खांद्यावर घेताना टाकीवाला जिन्यात थांबला. “ताई, आळ माझ्यावर येऊ दे, मला त्याचं काही नाही. दहा घरी टाक्या पोचवतो मी, कुठे कशासाठी जास्त लागते ते कळतं. पण त्या पोरीचे डोळे बघितलेत ना?”

“बघितले.”

“मग झालं,” म्हणून तो उतरून गेला.

आत्याचा एक नेम होता. सकाळी देवाचं नाव घेऊन स्वस्थ बसल्याशिवाय ती पाण्याचा घोटही घ्यायची नाही. टाकीवाला येऊन गेल्यावर दोन दिवसांनी ती बसली, ओठ हलत राहिले, पण मन काही बसेना. डोळे मिटले की बुडबुडा न आलेला पांढरा फेस दिसायचा. देवासमोर खोटं बोलायची तिची हिंमत नव्हती. लेकरासमोर ती सहज बोलून गेली होती. तांब्या भरलेला तसाच राहिला. ती उठली आणि मशीनवर बसली. सुई नीट चालत होती, तरी शिवण वाकडी गेली.

त्या दुपारी मुंगीने दप्तर ठेवलं आणि न सांगता गणित काढलं. टाकी पूर्वीइतकीच पुरली होती. नव्या वॉशरने एका तासाचाही फरक पडला नव्हता.

“सूत्र बदललंय मी,” ती म्हणाली. नेहमीपेक्षा मोठ्याने, भिंतीला ऐकू जाईल असं. “वेळ बरोबर साठा भागिले कंस, प्रवाह अधिक गळती, कंस पूर्ण. आता गळतीला कर्ता करते.”

आत्याने वाकडी गेलेली शिवण सुईने उसवायला घेतली.

“दोन्ही बाजूंना कंसाने गुणलं. छेद गेला.”

चमचा एकदा वाजला.

“दोन्ही बाजूंना वेळेने भागलं. प्रवाह अधिक गळती बरोबर साठा भागिले वेळ.”

एकदा. पण मध्ये बराच वेळ गेला. हात उचलायलाही आता दम लागत असावा.

“दोन्ही बाजूंतून प्रवाह वजा केला. गळती बरोबर साठा भागिले वेळ, वजा प्रवाह.”

चमचा वाजला. इतका हलका की दांडीला नुसता टेकला असेल.

“मग आकडे घातले.” मुंगीने पेन्सिल खाली ठेवली. “गळती दोन लिटर आली, आत्या. बाबा जेवढं घेतात तेवढीच. अर्धी टाकी गळते आणि साबणाला एक बुडबुडा येत नाही.”

पलीकडून आवाज येत होता. टाकीला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीतून ऑक्सिजन बुडबुडत जायचा, त्याचा. पूर्वी स्वयंपाकघरात ऐकू यायचा नाही तो.

“बुडबुडे तिथे आहेत,” मुंगी म्हणाली. “हल्ली मला इथून ऐकू येतात.” तिने वहीतल्या गळती या शब्दावर काट मारली. “ते गळत नाही ना? मग कुठे जातं?”

चमचा वाजला नाही. विचारलं गेलं होतं, आता बरोबर-चूक सांगायचं काम त्याचं नव्हतं.

आत्याने सुई कापडात टोचून ठेवली. वाकडी शिवण घडी करून बाजूला सारली. आणखी एक वॉशर, आणखी एक नळी, आणखी एक काहीतरी जिभेवर येऊ शकलं असतं. ती उठली.

“हात धू,” ती म्हणाली. “साबणाने, कोपरापर्यंत. आणि दोरीवरचा धुतलेला रुमाल घे, नाकातोंडावर बांधू.”

“आत जायचं? मी?”

“तू.”

“आई रागवेल.”

“आईशी मी बोलेन. ती रागवेल ती माझ्यावर.”

मुंगी मोरीत गेली. पाणी पडत राहिलं, बराच वेळ. आत्याने दोरीवरून रुमाल काढला, झटकला, त्रिकोणी घडी घातली. मुंगी आली तेव्हा तिच्या कोपरांवरून थेंब गळत होते. आत्याने ते पदराने टिपले, रुमालाची गाठ तिच्या मानेमागे बांधली, फार आवळली तर नाही ना ते बोट घालून पाहिलं. मग आधी स्वतः उंबरा ओलांडला आणि टॉवेल काढायला टाकीकडे हात नेता नेता, मागे न बघताच, दुसरा हात तिच्यासाठी पुढे केला.